काळा मोतिया पिकत नाही

मागच्या पावसाळ्यात रामबागेतल्या एक काकू यजमानांना घेऊन आमच्या दुकानात आल्या. काकांना नवा चष्मा हवा होता, कारण जिना उतरताना पायऱ्या चुकत होत्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं, समोरचा तक्ता लावला, आणि काकांनी जुन्याच चष्म्यातून शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचून दाखवली. समोरचं एवढं स्पष्ट दिसणारा माणूस पायऱ्या चुकतो म्हटल्यावर माझे कान टवकारले. वीस वर्षं इंदुरात चष्म्याचे नंबर काढतेय, एवढं कळतं की हा नंबराचा मामला नाही.

डॉक्टरांना दाखवलंत का, असं विचारल्यावर काकूंनी पिशवीतून पाच महिन्यांपूर्वीची चिठ्ठी काढली. “हो तर. मोतियाच निघाला. काला मोतिया म्हणाले. अजून पिकायचा असेल, म्हणून थांबलोय.”

चिठ्ठीत लिहून दिलेल्या थेंबांची बाटली घरी फ्रिजच्या दारात होती. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घालायचे असतील, असा काकूंचा समज. मी हात जोडून म्हटलं, काकू, आज रात्रीपासूनच सुरू करा, आणि उद्या सकाळी परत दवाखान्यात जा.

आता यात काकूंना काय दोष द्यायचा? आपण इंदूरकर मराठी घरात मोतीबिंदू म्हणतो आणि दवाखान्यात मोतिया ऐकतो. हिंदीतला ‘सफेद मोतिया’ म्हणजे आपला मोतीबिंदू. हिंदीतला ‘काला मोतिया’ म्हणजे आपला काचबिंदू. दोघांचं आडनाव एक, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की हे सख्खे भाऊ, फक्त रंग वेगळा. आमच्याकडचं गुजराती गिऱ्हाईक बरं, ते सरळ ‘झामर’ म्हणतं, त्याचा मोतियाशी घोळ होत नाही. मराठीत आपणही दोघांच्या मागे ‘बिंदू’ लावून ठेवलाय.

हा घोळ तसा फार जुना आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत तिमिर, काच आणि लिंगनाश ही एकाच दुखण्याच्या चढत्या पायऱ्यांसारखी येतात. ग्रीकांचंही तेच, बाहुलीत काहीतरी निळसर-हिरवट दिसलं की ग्लॉकोमा. आज इंग्रजीत काचबिंदूला हेच नाव आहे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंगच गढूळ होणं, हे युरोपात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पक्कं झालं. काचबिंदूत डोळ्याची नस पोखरली जाते, हे तर १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत बघायचं उपकरण तयार केल्यावरच दिसू लागलं. शहाण्यासुरत्या वैद्यांना हजारो वर्षं जे वेगळं करता आलं नाही, ते काकूंनी एका चिठ्ठीवरून ओळखावं, ही अपेक्षाच चुकीची.

तर दोन वेगळी दुखणी, हे आधी डोक्यात बसू द्या. मोतीबिंदू डोळ्याच्या पुढच्या भागातल्या भिंगात होतो. खिडकीची काच मळावी तसं. काच बदलली की पुन्हा लख्ख. काचबिंदू डोळ्याच्या मागे, मेंदूकडे जाणाऱ्या नसेत होतो. या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात आणि ते एकेक करून मरतात. मेलेला तंतू परत येत नाही. त्याला थेंब नाही, गोळी नाही, लेसर नाही. उपचार करायचे ते उरलेले वाचवायला. म्हणून मोतीबिंदूत थांबलं तर बहुतेकदा गैरसोय होते, काचबिंदूत थांबलं तर नजर जाते.

आणि जाते तीही चोरपावलांनी. आधी कडेची नजर जाते. ज्या भागात एका डोळ्याला दिसत नाही, तिथलं दुसरा डोळा दाखवतो. दोघांनाही दिसत नसेल तर मेंदू आजूबाजूचं बघून ठिगळ लावतो. लोकांना वाटतं, काचबिंदू झाला की काळे डाग दिसत असतील. नाही दिसत. काकांना पायऱ्यांच्या जागी काळोख दिसत नव्हता, पायरी नुसती ‘नसायची’. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या पाहण्यांत काचबिंदू निघालेल्या दहातल्या नऊ जणांना तो आपल्याला आहे हे आधी ठाऊकच नव्हतं. मला यात आश्चर्य वाटत नाही.

मग दोघांचा संबंध काय? शेजाराचा. आणि एका घरातली गळती शेजारच्या भिंतीत मुरते, तसा हा शेजार आहे.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ पाणी सतत तयार होत असतं. अश्रूंचा याच्याशी काही संबंध नाही. ‘डोळ्यातून पाणी गळतं म्हणजे दाब वाढला असेल’ असं महिन्यातून दोन जण तरी मला सांगतात. ते पाणी बाहेरचं, हे आतलं. दिवसभरात हे जेमतेम अर्धा-पाऊण चमचा तयार होतं. बुबुळाच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या, मागे पाझरतं, बाहुलीच्या भोकातून पुढे येतं, आणि बुबुळ जिथे पुढच्या पारदर्शक काचेला भेटतं त्या कोपऱ्यात (डॉक्टर त्याला कोन म्हणतात) एक बारीक जाळी असते, तिच्यातून निचरा होऊन रक्तात जातं. तयार होणं आणि निचरा होणं यांचा मेळ असला की डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या मध्ये राहतो.

मोरीचं उदाहरण घ्या. नळ थोडा सुरू आहे, मोरीच्या कोपऱ्यात जाळी आहे. पाणी तुंबायची कारणं दोनच. एक तर जाळीच्याच आत वर्षांनुवर्षं कीट साचतं. वरून बघितलं तर जाळी उघडी दिसते, पण पाणी जात नाही. हा उघड्या कोनाचा काचबिंदू. किंवा जाळी धडधाकट असते, पण भिजलेलं फडकं वाहत जाऊन तिच्यावर बसतं. हा बंद कोनाचा. इथे फडकं म्हणजे आपलं बुबुळ. आता प्रश्न असा की फडक्याला तिकडे ढकलतं कोण?

ढकलतं ते म्हातारं होणारं भिंग.

शरीरातले बाकी बरेच अवयव वयाबरोबर आटतात, डोळ्याचं भिंग मात्र वाढत जातं. लेन्स हा शब्दच लॅटिनमधल्या मसुराच्या नावावरून आलाय, आकार बघितलात तर पटेल. कांद्यासारखे थरावर थर त्याच्यावर चढत राहतात आणि जुने थर झडून जायला वाट नसते, ते आतच दाबले जातात. विशीत हे भिंग साधारण ४ मिलिमीटर जाड असतं, सत्तरीत ५ च्या घरात जातं. एका मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटेल. पण भिंगाच्या पुढची सगळी खोलीच मुळात ३ मिलिमीटरच्या आसपास. तिथे एक मिलिमीटर म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत गोदरेजचं दुसरं कपाट.

ज्यांचा डोळा जन्मतः लहान, त्यांची आणखी पंचाईत. दूरचा प्लस नंबर असणाऱ्यांचा डोळा बहुधा आखूड असतो, खोली आधीच अरुंद. भिंग फुगत जातं, बुबुळाला मागून टेकतं, बाहुलीतून पुढे येणारं पाणी अडतं, ते मागे साचून बुबुळाला पुढे फुगवतं, आणि फडकं जाळीवर बसतं. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं, आणि आशियातल्या लोकांत युरोपातल्यांपेक्षा जास्त.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत दिव्याखाली अंधार झाला, ते सांगते.

आत्या एकाहत्तर वर्षांची, लोकमान्य नगरला राहते. तिला तरुणपणापासून प्लस नंबर. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत ती चष्मा बाजूला ठेवून पंचांग वाचत बसलेली. बारीक टाइपातलं! सगळ्यांना कौतुक. “बघ गं, तुझ्या धंद्यावर पाणी पाडलं मी,” मला म्हणाली. मी तिचा नंबर तपासला तर तो प्लसवरून मायनसवर आलेला. मी हसून तिच्या कार्डावर नवा आकडा लिहिला.

म्हातारपणी चष्मा सुटतो तेव्हा डोळा तरुण होत नसतो. भिंगाचा गाभा घट्ट आणि पिवळट होत जातो, त्याची ताकद वाढते, आणि डोळा मायनसकडे सरकतो. म्हणून जवळचं काही काळ बिनचष्म्याचं दिसतं. हा मोतीबिंदूच असतो, सुरुवातीचा. आणि ज्या आखूड डोळ्यात तो होतोय, तिथे भिंगाची जाडीही वाढत असते. प्लसचा मायनस झाला तेव्हा माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. घरच्या माणसाचं डोळ्यांचं काम आपण पोह्यांवर शेव भुरभुरताना उरकतो, तिथे घंटा कुठली वाजायला.

पुढे काही महिन्यांनी आम्ही इथल्या सानंद या संस्थेच्या नाटकाला गेलो होतो. नाटक संपून बाहेर आलो तर आत्या म्हणाली, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसताहेत. शिवाय डोकं धरलंय, भुवईच्या वर, आणि मळमळतंय. “पित्त झालंय. दुपारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली ना.” घरी जाऊन पित्ताची गोळी घेतली, झोपली, सकाळी ठणठणीत.

नाट्यगृहातल्या अंधारात बाहुली मोठी होते. बुबुळ गोळा होऊन कडेला सरकतं, म्हणजे नेमकं त्या कोपऱ्यात, जिथे जाळी आहे. अरुंद कोन असेल तर अशा वेळी दाब एकदम चढू शकतो. कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरची पारदर्शक काच, सुजते आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. झोपेत बाहुली लहान होते, कोन थोडा उघडतो, दाब उतरतो, आणि माणूस म्हणतो की गोळीनं गुण आला. असे छोटे झटके कित्येकांना येऊन जातात आणि पित्त किंवा अर्धशिशी या खात्यात जमा होतात. मोठा झटका आला तर मात्र डोळा लालभडक, असह्य दुखणं, उलट्या, नजर धुरकट, आणि दाब ४०, ५०, ६०. तो तासांचा खेळ असतो. एका डोळ्याच्या दुखण्याबरोबर उलट्या आणि धूसर दिसणं असेल तर पोटाच्या डॉक्टरकडे जाऊ नका, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, आणि रात्र असेल तर रात्री जा.

पण आपल्याकडे बंद कोनाचे बहुतेक काचबिंदू असा तमाशा करतच नाहीत. कोन हळूहळू चिकटत जातो, दुखत नाही, काही नाही.

आत्याचं कसं उघडकीस आलं? लाइट गेल्यामुळे. जूनमधली संध्याकाळ, मी तिच्याकडे गेलेले, पर्समध्ये पेनासारखी छोटी टॉर्च. मेणबत्ती सापडेपर्यंत सहज चाळा म्हणून तिच्या डोळ्यावर कानशिलाच्या बाजूनं, अगदी आडवा उजेड टाकला. बुबुळ सपाट असेल तर असा उजेड बाहुली ओलांडून नाकाकडच्या टोकापर्यंत पोचतो, सगळं बुबुळ उजळतं. आत्याच्या डोळ्यात नाकाकडचा अर्धा भाग सावलीत राहिला. मधे टेकडी असली की पलीकडच्या उतारावर ऊन पोचत नाही, तसा. दुसऱ्या डोळ्यातही तेच. मेणबत्ती आली तरी मी टॉर्च धरून उभी. “काय गं, भूत दिसलं का?” आत्या म्हणाली.

टॉर्चनं निदान होत नाही, फक्त संशय येतो. घरी करून बघून ‘आमचा कोन मोकळा आहे’ असं ठरवू नका. पक्कं कळतं ते गोनिओस्कोपीनं. डोळा बधिर करून एक आरशांची छोटी लेन्स बुबुळासमोर टेकवतात आणि थेट कोपऱ्यात डोकावतात. दोन-पाच मिनिटांचं काम, पण गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं, म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते की स्वतःहून विचारा: ‘कोन बघितला का?’ आत्याचा कोन दोन्ही डोळ्यांत बराचसा बंद निघाला. उजव्यात दाब २६, डाव्यात ३४. डाव्या डोळ्याची नस खड्ड्यासारखी खोल झालेली, फील्ड टेस्टमध्ये त्या डोळ्याची नाकाकडची वरची नजर गेलेली. उजवा डोळा तेवढं भरून देत होता, म्हणून तिला पत्ता नव्हता.

फील्ड टेस्टबद्दल एक गंमत सांगते, गंमत म्हणजे वैतागच. एका पांढऱ्या वाडग्यात हनुवटी टेकवून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर खिळवायची, आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की बटन दाबायचं. आत्यानं पहिल्यांदा प्रत्येक टिकटिकीला बटन दाबलं, कारण ‘मुलगी बिचारी वाट बघत होती’. मशीननं अहवालात तिला सरळ अविश्वसनीय ठरवलं. दुसऱ्यांदा ती मधेच डुलकी घेऊन गेली. तिसऱ्यांदा जमलं. एका फील्डवरून कुणी घाबरू नये आणि कुणी निर्धास्तही होऊ नये.

इथेच मोतीबिंदूचा दुसरा उपद्व्याप येतो: तो काचबिंदू झाकतो. भिंग गढूळ असेल तर बाहेरून डॉक्टरांना मागची नस नीट दिसत नाही, ओसीटीचं, म्हणजे नसेच्या थरांच्या स्कॅनचं, चित्र पुसट येतं, आणि फील्ड टेस्टमध्ये सगळीच नजर मंद पडल्यामुळे काचबिंदूनं खाल्लेला तुकडा वेगळा उठून दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे घरच्यांना कारण सापडलेलं असतं. ‘मोतिया आहे ना, म्हणून कमी दिसतं.’ मग मोतिया पिकेपर्यंत थांबायचं.

पिकण्याचं हे खूळ आलं कुठून, तेही समजून घ्या. आपल्या आजी-आजोबांच्या काळी मोठा छेद घेऊन अख्खं भिंग काढत, आत नवं काही बसवत नसत. माणूस दिवसेंदिवस पाठीवर निजून राहायचा आणि नंतर जन्मभर सोडावॉटरचा जाड चष्मा. एवढ्या त्रासाला तोंड द्यायचं तर नजर अगदीच गेल्यावर द्यावं, हे त्या काळी बरोबर होतं. हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम लेन्स बसवली, १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी फेको नावाची पद्धत आणली, आणि आता दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून भिंगाचा चुरा करून ओढून घेतात. या पद्धतीत पिकलेलं, दगड झालेलं भिंग फोडायला उलट जड जातं. पिकू द्यायचं कारण संपलं, वाक्य तेवढं राहिलं.

आणि खरोखर पिकवलाच, तर? भिंग पाणी धरून फुगतं आणि बुबुळाला एका फटक्यात पुढे ढकलून कोन बंद करतं. किंवा त्याहीपुढे जातं: आतला गर पातळ दुधासारखा होतो, मधला घट्ट तपकिरी गाभा त्यात बुडून तळाला बसतो, आणि भिंगाच्या आवरणातून प्रथिनं झिरपायला लागतात. ती साफ करायला शरीराच्या पेशी धावतात, प्रथिनं गिळून फुगतात, आणि जाऊन अडकतात त्याच जाळीत. दाब आकाशाला. ज्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून टाकायला वीस मिनिटं पुरली असती, तो डोळा अशानं कायमचा जातो. ‘मोतीबिंदूनं कुणी कायमचं आंधळं होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

साठीनंतरची आणखी एक भानगड, तिला मराठी नाव नाही, डॉक्टर स्यूडोएक्सफोलिएशन म्हणतात. भिंगाच्या आवरणावर आणि बाहुलीच्या कडेला कोंड्यासारखा पांढरा चुरा दिसतो. तो जाळीत साचून दाब वाढवतो, आणि भिंगाला धरून ठेवणारे दोरेही कमकुवत करतो. म्हणजे काचबिंदूही होतो आणि मोतीबिंदूचं ऑपरेशनही अवघड होतं. सर्जनला हे आधी माहीत असलेलं बरं, एवढंच.

उलटा रस्ताही आहे. काचबिंदूसाठी निचऱ्याची नवी वाट करून देणारं ऑपरेशन झालं की त्यानंतर मोतीबिंदू लवकर वाढतो. आणि दोन्ही दुखणी एकाच बाटलीतून आणायची असतील तर स्टेरॉइडचे थेंब आहेतच. डोळे लाल झाले, खाजले, की मेडिकलमधून ‘तेच मागच्या वेळचे’ थेंब आणायचे आणि महिनोन्महिने घालायचे. डोळा छान पांढरा राहतो. आत काही जणांचा दाब वाढत जातो आणि भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो. दमा, सांधे, त्वचा यांसाठी लांबलचक स्टेरॉइड सुरू असेल तरीही डोळ्याचा दाब तपासून घ्यायला हवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही काही आठवडे असे थेंब देतात, ते योग्यच. पण कमी करत नेऊन बंद करायचे असतात. बाटलीत उरलेत म्हणून वहिनींच्या डोळ्यात घालायचे नसतात. हसू नका, माझ्यासमोर झालंय.

आता आनंदाचा भाग. भिंगच ढकलत असेल तर भिंग काढलं की ढकलणारा गेला. १ सेंटिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड मसूर बाहेर येतो, जागी पातळ कृत्रिम लेन्स बसते, आणि समोरची खोली ऐसपैस होते. बुबुळ मागे सरतं, फडकं जाळीवरून उठतं. २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. पन्नाशीपुढच्या, कोन बंद असलेल्या ४१९ जणांचा. त्यांना मोतीबिंदू नव्हता, भिंग स्वच्छ होतं. काहींना नेहमीप्रमाणे लेसर आणि थेंब दिले, काहींचं ते स्वच्छ भिंगच काढून नवी लेन्स बसवली. तीन वर्षांनी भिंग काढलेल्यांचा दाब थोडा कमी, थेंबांची गरज बरीच कमी. याचा अर्थ अरुंद कोन दिसला की प्रत्येकाचं भिंग उपसा, असा नाही; तो अभ्यास दाब चांगलाच वाढलेल्यांचा किंवा काचबिंदू सुरू झालेल्यांचा होता. आणि कोन वर्षांनुवर्षं बंद राहून चिकटलाच असेल तर फडकं ओढूनही उठत नाही.

उघड्या कोनाच्या काचबिंदूत मोतीबिंदू काढल्यानं दाब उतरला तर थोडाच, दोन-चार अंकांनी, तोही सगळ्यांचा नाही. तिथे थेंब चालूच ठेवावे लागतात. ‘मोतिया काढला, आता सगळं संपलं’ म्हणून थेंब सोडणारी माणसं मला सगळ्यात जास्त भीती घालतात, कारण ऑपरेशननंतर त्यांना इतकं लख्ख दिसत असतं की ती ऐकतच नाहीत.

आत्याला आधी लेसरनं दोन्ही बुबुळांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडली, पाण्याला बाहुली सोडून दुसरी वाट. दहा मिनिटं, भरती नाही. त्यानंही दाब पुरेसा उतरला नाही, म्हणून दोन महिन्यांनी उजव्या आणि मग डाव्या डोळ्याचं भिंग काढलं. लेन्स निवडताना जावयानं इंटरनेटवर बघून जवळचं-दूरचं सगळं दाखवणारी महागडी लेन्स सुचवली होती. डॉक्टर नको म्हणाले. त्या लेन्समुळे उजेड वाटला जातो, फिकट-गडद यातला फरक कमी जाणवतो, आणि काचबिंदूत तो आधीच कमी झालेला असतो. साधी, दूरचं दाखवणारी लेन्स बसवली. आता उजवा डोळा बिनथेंबांचा, दाब १६. डाव्यात रात्री एक थेंब, तो आता जन्माचा सोबती. डाव्या डोळ्याची गेलेली नजर गेलीच.

माझे बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. सख्ख्या भावंडांत, मुलांत काचबिंदूची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते, हे त्यांना सांगून मी चार महिने डोकं फोडलं. “मला स्वच्छ दिसतंय, कशाला उगाच?” शेवटी आत्यानंच फोन करून झापलं, तेव्हा गेले. कोन अरुंद आहे, दाब आणि नस ठीक. वर्षाला एकदा बघायचं ठरलंय. सर्दीची गोळी परस्पर घेऊ नका, एवढं त्यांना बजावलंय, कारण त्यातल्या काही औषधांनी बाहुली पसरते.

रामबागेतले काका थेंब घालताहेत. दाब उतरलाय, पायऱ्या अजून चुकतात. काकूंनी जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी रंगवून घेतलीय, आणि ती मी सुचवलेली नव्हती.

आत्या मात्र माझ्यावर नाराज आहे. परवा दुकानात येऊन काउंटरवर पंचांग आपटलं. “ऑपरेशनच्या आधी मला हे बिनचष्म्याचं वाचता येत होतं. आता बस स्टॉपवरची पाटी दिसते, पंचांग दिसत नाही. ही कुठली सुधारणा?” मी तिला जवळचा चष्मा दिला. फ्रेम तिनं निवडली, लाल. पैसे दिले नाहीत.